बारा वाजताचं पाणी

तीस वर्षं मी कदंबाच्या गाडीत तिकिटं फाडली,
हळदोणे ते म्हापसा, म्हापसा ते हळदोणे.
पहाटेच्या गाडीला पाट्या चढायच्या:
तांबडी भाजी, आबोलीचे वळेसर,
चोरिसांच्या माळा, ओल्या मिरच्या.
संध्याकाळी सहाच्या गाडीला
त्याच पाट्या रिकाम्या, त्याच बायका,
आणि प्रत्येकीला उतरायची घाई.
गाडी थांबायच्या आत पायरीवर पाय.
मी ड्रायव्हरला म्हणायचो,
बघ, घरची ओढ.

एकदा मे महिन्यात एस्पेरांसा
सीटवरून घसरली, पाटीसकट.
मी माझी बाटली पुढं केली.
तिनं ओठ मिटून मान हलवली,
"नाका बाबा, घरा पावमेरेन नाका."
शेजारच्या बाईनं माझ्याकडं पाहिलं,
अडाणी पोराकडं पाहावं तसं,
आणि हळू आवाजात सांगितलं:
पहाटे चारला एक कप चहा,
त्यानंतर थेंब नाही.
बाजारात जायला जागा कुठाय?
आहे तिला कुलूप,
आणि किल्लीवाला चतुर्थीपासून रजेवर.

घरची ओढ.
तीस वर्षं.

ती शेजारची म्हणजे उज्वला, खोर्जुव्याची, आबोलीवाली.
मी निवृत्त झालो त्याच महिन्यात दारात उभी:
तुम्हाला सुट्ट्या पैशांचा हिशेब जमतो.
वही सांभाळाल?

पतसंस्थेत मॅनेजरनं विचारलं, तारण काय?
ती म्हणाली, दोनशे बायकांची तहान.
त्यानं पेनाला टोपण घातलं.

मग ज्यांना जमलं त्यांनी एका शुक्रवारचा गल्ला दिला.
लाकडाच्या वखारीमागं भाड्याची जागा,
दोन खोल्या, एक नळ, आतून लागणारी कडी
आणि भिंतीत डोक्याएवढ्या उंचीवर एक खुंटी,
पैशांची पिशवी अडकवायला.
ती खुंटी उज्वलाची.
इंजिनियरच्या नकाशात नव्हती.

महिन्याचं कार्ड, एका खेपेला एक भोक,
माझाच जुना पंच.
ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांच्याकडून
सोलं, भेंडी,
कधी नुसतं "फाल्यां दितां".

भांडण झालं ते वाटणीवरून.
उरतील त्यातला पहिला हिस्सा यल्लव्वाचा,
उज्वला म्हणाली, साफ ती करते.
दोघी-तिघी उठल्या.
बागलकोटची बाई आमच्यात भागीदार?
मीही गप्प बसलो. ते वहीत लिहिलेलं नाही.
उज्वलानं झाडू आणून मधोमध ठेवला.
घ्या, म्हणाली, कोण घेतंय?
पहिला हिस्सा तिचा.
पंखा फिरत राहिला.

आषाढात खड्डा तुंबला. अकरा दिवस बंद.
अकरा दिवस पुन्हा तेच सुकलेले ओठ,
आणि एकीनंही पैसे परत मागितले नाहीत.
ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

पणजीहून एक मुलगा आला, लॅपटॉप घेऊन.
चांगला होता, ऐकून घ्यायचा.
परिणाम कसा मोजता, त्यानं विचारलं.
मी कार्डांचा गठ्ठा पुढं सरकवला.
उज्वलानं घड्याळ पाहिलं,
त्याला हाताला धरून बाजारात नेलं,
केळीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी.
तिथं भर बारा वाजता एस्पेरांसा
मान मागं टाकून, तांब्या उंच धरून
घटाघटा पाणी पीत होती.
गळ्यातला क्रूस वरखाली होत होता.
हे लिही, उज्वला म्हणाली.
मुलाला कुठल्या रकान्यात लिहावं कळेना.

सहाच्या गाडीनं मी आता नुसता बसून जातो.
बायका थांब्यावर दारातच रेंगाळतात,
उरलेल्या गड्ड्या एकमेकींच्या पाटीत टाकतात,
कुणाच्यातरी सुनेचं काढतात.
नवा कंडक्टर वैतागतो,
बाई, उतरा लवकर!
कुणी लवकर उतरत नाही.